कुंभारानं बसवलेलं नाक

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय कागदावर भलताच मोठा दिसतो. अश्मयुगापासून आजपर्यंतचं वैद्यक. हातात वेळ आहे बारा मिनिटं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, यातला निम्मा वेळ मी एका नाकाला देणार आहे. नाक सवाई माधवरावांच्या काळातलं, पुण्याजवळचं. पण त्याआधी थोडं मागं जाऊ. थोडं म्हणजे काही हजार वर्षं.

बलुचिस्तानात मेहरगढ नावाचं ठिकाण आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या काही दाढा सापडल्या. नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढा, आणि प्रत्येकीला भोक पाडलेलं. तेही माणूस जिवंत असताना, कारण भोकांच्या कडा नंतरच्या चावण्यानं झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. भोक कशानं पाडलं असेल? गारगोटीचं टोक लावलेल्या गिरमिटानं. त्याच वस्तीत शंखाच्या, हाडाच्या मण्यांना भोकं पाडणारे कारागीर राहत होते आणि त्यांच्याकडे हेच हत्यार होतं. म्हणजे गावचा दंतवैद्य बहुधा मणी करणाराच होता.

हे लक्षात राहू द्या. दाढ कोरणारा माणूस मणी करणारा होता. पुढं एक कुंभार येणार आहे.

कवटीला भोक पाडण्याची शस्त्रक्रियाही तितकीच जुनाट. पेरूत सापडते, फ्रान्समध्ये सापडते, आपल्या काश्मीरमध्ये बुर्झहोमला नवाश्मयुगातली अशी कवटी मिळाली आहे. जगभरच्या कितीतरी कवट्यांवर भोकाच्या कडेनं हाड पुन्हा भरून आलेलं दिसतं. म्हणजे माणूस त्यातून उठला आणि पुढं जगला. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला ओट्झी घ्या, पाच हजार वर्षांपेक्षा जुना, गोठून टिकलेला माणसाचा देह. त्याच्या अंगावर ६१ गोंदणं आहेत, त्यातली बरीचशी कमरेवर, गुडघ्यापाशी, घोट्यापाशी, जिथं त्याचे सांधे झिजले होते नेमकी तिथं. नटण्यासाठी कुणी गुडघ्यामागं गोंदून घेईल असं मला वाटत नाही.

इजिप्त, बाबिलोन आणि ग्रीस यांना आज मी हात लावत नाही. हिपोक्रॅटिसची शपथ डॉक्टरांना पाठ असते, आपल्याला त्यांचं बिल पाठ असतं, तेवढ्यावर भागवू.

सुश्रुताकडे मात्र थांबायला हवं, कारण नाकाची वाट तिथून जाते. सुश्रुतसंहितेत शिष्यानं कापायला शिकावं कशावर? कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर. माणसाला हत्यार लावण्याआधी भाजीवर हात बसवायचा. त्याच ग्रंथात तुटलेलं नाक जोडण्याची कृती आहे. झाडाचं पान घ्यायचं, नाकाएवढं कापायचं, ते माप धरून गालाची कातडी सोडवायची, ती नाकावर बसवायची आणि श्वास चालू राहावा म्हणून आत एरंडाच्या पोकळ नळ्या ठेवायच्या. आपण ‘नाक कापलं’ असं सहज म्हणतो. त्या काळी ती खरोखरची शिक्षा होती, त्यामुळे नाकं बसवणाऱ्यांना कामाची ददात नव्हती.

आता इथं माझं एक मत. आपल्याकडे सगळं आधीच होतं, असे निरोप मोबाइलवर रोज सकाळी येतात. सुश्रुताचा अभिमान मलाही आहे. पण सुश्रुत आणि पेशवाई यांच्यामध्ये हजार वर्षांहून जास्त काळ गेला. मधल्या त्या काळात ही विद्या कुणाच्या हातात होती, हे त्या निरोपांत कधीच नसतं. असो. नाकाकडे येऊ.

१७९० साली टिपू सुलतानाविरुद्ध तीन फौजा एकत्र आल्या. इंग्रज, निजाम आणि पेशवे. पेशव्यांकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. लढाई तोफांची, पण तोफा ओढणार कोण? बैल. १७९१च्या मे महिन्यात इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस टिपूच्या राजधानीजवळ, श्रीरंगपट्टणाजवळ पोचला आणि तिथून माघारी फिरला. कारण काय, तर बैल मेले. वेढ्याच्या तोफा ओढून न्यायला जनावर उरलं नाही, म्हणून साहेबानं आपल्याच तोफा निकामी करून टाकल्या. परतीच्या वाटेवर मराठी फौजा भेटल्या, त्यांच्या बाजारात धान्य होतं, म्हणून त्याची उपाशी फौज तगली. शाळेच्या पुस्तकात सेनापतींची नावं येतात, बैलांची येत नाहीत. बैल हाकणाऱ्यांची तर नाहीतच.

अशाच एका बैल हाकणाऱ्याची ही गोष्ट. इंग्रजांच्या फौजेत बैलांमागं चालणारा एक मराठी माणूस. इंग्रजी कागदात त्याचं नाव कावसजी असं लिहिलंय. ऐकताना पारशी वाटतं, पण शेतकरी मराठा अशी जात स्वच्छ दिली आहे, तेव्हा घरी त्याला कावजी म्हणत असावेत. मीही कावजीच म्हणतो.

कावजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढं कंपनी सरकारनं त्याला पेन्शन दिली. पेन्शन मिळाली, पण नाक? वर्षाहून जास्त काळ कावजी बिननाकाचा हिंडला. श्रोतेहो, ज्या समाजात नाक म्हणजे अब्रू, तिथं बाजारात जाताना त्यानं पटक्याचा शेव किती वेळा तोंडावर ओढून घेतला असेल, याचा तुम्हीच विचार करा.

आणि मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस वैद्य नव्हता. शास्त्री नव्हता. इंग्रजी मजकुरात तो विटा करणाऱ्या जातीचा असं लिहिलंय. म्हणजे आपला कुंभार.

त्यानं केलं काय, ते सावकाश सांगतो. अशी शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी स्वतः पाहिली होती, तिच्या वर्णनावरून.

आधी त्यानं मेणाचा पातळ पत्रा घेतला, उरलेल्या थोटकावर बसवला आणि बोटांनी दाबत दाबत चांगलं सरळ नाक घडवलं. मातीला आकार देणारी बोटं ती, नाक बेढब होईल कसं? मग ते मेणाचं नाक उलगडून सपाट केलं, कपाळावर ठेवलं आणि कडेनं रेघ मारली. रेघेच्या आतली कातडी कपाळापासून सोडवली. सगळी नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. हा देठ. सगळा खेळ या देठाचा आहे. फांदीवरचं पान देठ शाबूत आहे तोवर हिरवं राहतं, तसं इथलं रक्त या देठातून चालू राहतं. देठ शाबूत, तर कातडी जिवंत. देठ आधीच तुटला, तर कातडी काळी पडून मरणार.

पुढं जुन्या जखमेची सुकलेली कड तासून ती ताजी केली. का? जुन्या व्रणाला कातडी धरत नाही, ओल्या जखमेला धरते. नाकपुड्यांच्या बाजूनं वरच्या ओठापर्यंत एक खाच घेतली. मग कपाळाची कातडी खाली आणली, देठाशी अर्धा पीळ देऊन, म्हणजे बाहेरची बाजू बाहेरच राहील. तिच्या कडा त्या खाचेत बसवल्या.

टाके? त्या वर्णनात टाक्यांचा उल्लेखच नाही. चिकटवायला वापरला कात. विड्याला लावतो तोच कात. पाण्यात कालवून फडक्याच्या पट्ट्यांवर थापला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावल्या. चार दिवस हात लावायचा नाही. (कात असा चिकटायचा, ते कातही तेव्हाचे. आताच्या टपरीवरच्या कातानं कपडे तेवढे रंगतात, दुसरं काही जोडलं जात नाही.) चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं फडकं. पहिले पाच-सहा दिवस रोग्यानं उताणंच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ फडक्याचे बोळे आत.

आणि साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापला. पंचविसाव्या, आधी नाही. तोवर नव्या जागेनं स्वतःचं रक्त कातडीला द्यायला सुरुवात केलेली असते, आता देठाची गरज संपली. रक्तवाहिन्यांचं हे गणित त्या कुंभाराला कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं. हे नाक पुढं टिकायचं, शिंकरलं तरी जागचं हलायचं नाही आणि कपाळावरचा व्रणही कालांतरानं फारसा दिसायचा नाही.

पुण्यात तेव्हा जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता, पेशवे आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा. त्यानं जानेवारी १७९४ मध्ये कावजीचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट एक पत्र छापून आलं, खाली सही फक्त दोन अक्षरांची, बी. एल. ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात दुर्मिळ नाही, फार पूर्वीपासून चालत आली आहे, असंही त्यात म्हटलंय.

आता पाहा गंमत. बैल हाकणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. पाहणाऱ्या दोघा साहेबांची नावं ठाऊक आहेत. चित्रकाराचं नाव ठाऊक आहे. ज्यानं नाक बसवलं, त्याचं नाव कुणीही लिहून ठेवलेलं नाही. इंग्रजांनी नाही आणि आपणही नाही. पुण्यात पाट्यांना काही तोटा नाही, दुपारी बेल वाजवू नये इथपासून सगळ्याच्या पाट्या आहेत. या कुंभाराची पाटी मी तरी पाहिलेली नाही.

कुंभारानं नाक बसवावं याचं नवल वाटतं खरं, पण कान सोनारानंच टोचावेत असं आपणच म्हणतो. हाड बसवायला हाडवैद्य, बाळंतपणाला सुईण, गळू फोडायला न्हावी. पुस्तकातली विद्या पंडितांकडे राहिली आणि रक्तात हात घालायचं काम सोवळ्याबाहेर ढकललं गेलं, असं माझं मत आहे. युरोपातही फार वेगळं नव्हतं. लंडनमध्ये १७४५ सालापर्यंत न्हावी आणि शल्यवैद्य एकाच संघाचे सभासद होते. तिथले शल्यवैद्य आजही स्वतःला डॉक्टर न म्हणवता मिस्टर म्हणवतात, ते त्यामुळेच.

लंडनमध्ये हे पत्र वाचलेल्यांपैकी एक होता शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू. त्यानं आधी मृतदेहांवर सराव केला आणि योग्य रोग्याची वाट पाहिली. पत्र छापल्यावर वीस वर्षं गेली. मग २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याला एक लष्करी अधिकारी मिळाला. यकृताच्या दुखण्यावर पारा देऊन देऊन त्याचं नाक झडलेलं होतं. म्हणजे टिपूनं नव्हे, औषधानंच नाक घेतलेलं! कार्प्यूनं कपाळाची कातडी घेतली, देठ ठेवला, पीळ दिला, सगळं पुण्यासारखं. गुंगी नाही, भूल नाही, माणूस टक्क जागा. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा जवळ उभा असलेला एक जण ओरडला, ‘अरे देवा, नाक आहे की!’ दुसरा रोगी कॅप्टन लॅथम, स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत झेंडा वाचवताना चेहरा गमावलेला. कार्प्यूनं १८१६ साली दोन्ही शस्त्रक्रियांवर पुस्तक काढलं. १८१८ मध्ये बर्लिनला ग्रेफे या शल्यवैद्यानं पुढचं पुस्तक लिहिलं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक परत येऊ लागले, तेव्हा शल्यवैद्य हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडात हीच कपाळाची कातडी वापरली. कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागला तर प्लास्टिक सर्जन आजही ती वापरतात, देठ ठेवून, आणि साधारण तीन आठवड्यांनी देठ सोडवून. तिला ते भारतीय पद्धत म्हणतात.

घड्याळ मला खुणावतंय, आणि आधुनिक वैद्यक सगळं शिल्लक आहे. तर भराभर. १५४३ साली व्हेसेलियसनं प्रेतं फाडून शरीराचा नकाशा छापला. १६२८ साली हार्वेनं रक्त फिरतं हे दाखवलं, म्हणजे देठातून काय वाहतं त्याचं उत्तर मिळालं. १८४६ साली बोस्टनमध्ये इथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली आणि शस्त्रक्रियेतली किंकाळी थांबली. १८६७ साली लिस्टरनं जंतू मरावेत म्हणून कार्बोलिक ॲसिडनं जखमा धुवायला सांगितलं. मग तुपाच्या फडक्यावर कावजी वाचला कसा? चेहऱ्याला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, तिथल्या जखमा पायावरच्यापेक्षा चांगल्या भरतात. पोट फाडायचं असतं, तर कुंभाराची विद्या पुरली नसती, हेही सांगायला हवं. १८९५ साली क्ष-किरण आले, १९२८ साली पेनिसिलिन.

लशीचं मात्र मी मुद्दामच मागं ठेवलंय. तिला स्वतंत्र वेळ हवा. पुढच्या भाषणात मुंबईच्या ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगेन. १४ जून १८०२ रोजी देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा लागली ती तिच्या दंडावर. तिच्यापर्यंत लस पोचली ती एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर अशी.

नमस्कार.