इंजिन गेलं, शाफ्ट राहिला

मित्रहो, विषय दिलाय ‘व्यवस्थापनाच्या पदवीत आर्थिक इतिहास कशासाठी’. त्याकडे येतोच, पण आधी मला एका शाफ्टबद्दल बोलू द्या.

जुना वाफेवरचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. एकच अजस्र इंजिन. छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा लोखंडी शाफ्ट, त्यावर पुल्या, पुल्यांवरून खाली उतरलेले चामड्याचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याला जुंपलेलं एकेक यंत्र. वरून तेल ठिबकतंय. दोनच यंत्रं चालवायची असली तरी अख्खा शाफ्ट फिरवायचा. कुठलं यंत्र कुठे बसणार, हे कामाच्या क्रमापेक्षा शाफ्टच ठरवणार.

एडिसननं न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू केलं १८८२ मध्ये. मग कारखाने लगेच बदलले असतील? काही माना नकारार्थी हलताहेत, बरोबर आहे! १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांच्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा ५ टक्क्यांहून कमी होता. ज्यांनी वीज घेतली, त्यांतल्याही बऱ्याच जणांनी इंजिन काढून तिथे एक मोठी मोटार बसवली. शाफ्ट तोच, पट्टे तेच. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली, कारखाने एकमजली होऊ लागले, यंत्रं कामाच्या क्रमानं लागली, तेव्हा कुठे उत्पादकतेनं उसळी घेतली. तोवर १९२० चं दशक उजाडलं होतं. पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकारानं १९९० मध्ये संगणकाच्या संदर्भात हीच गोष्ट मांडली.

माझ्या पदवीच्या काळात मात्र ती माझ्या कानावर आली नाही. आर्थिक इतिहास ऐच्छिक होता, आणि विद्यार्थी कमी म्हणून तो वर्गच बंद केला. ‘बदलाचं व्यवस्थापन’ सक्तीचं होतं. त्यातली सगळी उदाहरणं ताजी आणि सगळी यशस्वी. याचा मला आजही राग येतो. कारण जुना शाफ्ट फिरवत राहिलेला तो मालक मूर्ख नव्हता. चांगली चालती इमारत आणि धडधाकट इंजिन मोडीत का काढायचं, हा त्याचा हिशेब त्या दिवशी बरोबरच होता. हा माणूस जिंकलेल्यांच्या केस स्टडीत भेटत नाही, आणि उद्या तुम्हाला त्याच्याच खुर्चीत बसायचंय.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मागणी भरभर सांगतो. हा विषय सक्तीचा करा, तोही पहिल्याच सत्रात. वित्ताच्या वर्गात १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही वित्तपेढी कशी बुडाली ते शिकवा आणि लगेच २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेबाहेर ठेवी काढायला लागलेल्या रांगा दाखवा. अल्प मुदतीची उसनवारी आणि लांब मुदतीत अडकलेला पैसा, दुखणं तेच. मालवाहतुकीच्या वर्गात १९५६ मध्ये ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालेलं ‘आयडियल एक्स’ हे जहाज घ्या, आणि मग बंदरांना किती बदलावं लागलं तेही सांगा. परीक्षेत सनावळ्या विचारू नका. मुलांच्या हातात एक जुना ताळेबंद द्या, कंपनीचं नाव झाका, आणि त्या तारखेला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावरच निर्णय लिहायला सांगा. पुढे काय झालं, ते पेपर गोळा केल्यावर सांगा.