रबाळेतला हलणारा लूप: पीआय कंट्रोलरचे आकडे येतात कुठून?

ठाणे-बेलापूर रोड. एका बाजूला खाडी, दुसरीकडे पारसिकचा डोंगर आणि मधे दिघ्यापासून नेरूळपर्यंत टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) एमआयडीसीचा पट्टा. त्यातल्या रबाळेत एका छोट्या केमिकल कारखान्यात आपण आलोय. स्क्रीनवर ती वरखाली होणारी हिरवी रेघ दिसतेय ना, ते गरम पाण्याच्या टाकीचं टेंपरेचर. सेटपॉइंट, म्हणजे हवं ते टेंपरेचर, ६० डिग्री, पण रेघ तिथे टिकायलाच तयार नाही. ऑपरेटर म्हणतो, "सर, ऑटोला टाकलं की हंटिंग चालू, म्हणून आम्ही मॅन्युअललाच चालवतो." हंटिंग म्हणजे हे वरखाली झुलणं. नवीन पीएलसी (कंट्रोलर चालवणारा औद्योगिक कॉम्प्युटर) बसवलाय आणि स्टीम व्हॉल्व्ह हातानेच चालतोय, वाईट वाटतं असं बघून.

टेंपरेचर बघून व्हॉल्व्ह हलवतो तो पीआय कंट्रोलर, आणि मोजणी ते व्हॉल्व्ह हा सगळा फेरा म्हणजे लूप. पीआयमधला पी म्हणजे प्रपोर्शनल, एरर (सेटपॉइंट आणि टेंपरेचरमधला फरक) जेवढी मोठी तेवढा व्हॉल्व्ह जास्त हलणार. पण नुसत्या पीवर लोड वाढला की टेंपरेचर सेटपॉइंटच्या जरा खालीच अडकतं, कारण व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवायचा तर थोडी एरर शिल्लक लागतेच, हाच ऑफसेट. तो घालवतो आय, म्हणजे इंटिग्रल. एरर आहे तोवर तो व्हॉल्व्ह सरकवतच राहतो, आणि गरजेपेक्षा जोरात सरकवला की हंटिंग.

१९४२ मध्ये अमेरिकेत झीगलर आणि निकोल्स या इंजिनिअरांनी ट्यूनिंगची, म्हणजे हे आकडे ठरवायची, रीत छापली. गेन, म्हणजे एररच्या किती पट व्हॉल्व्ह हलवायचा तो आकडा, वाढवत लूप एकसारखा झुलेपर्यंत न्यायचा, मग पीआयसाठी त्या गेनच्या ०.४५ पट घ्यायचं आणि एका झोक्याच्या वेळेला १.२ ने भागून इंटिग्रल टाइम (हा जितका कमी तितका आय जोरात) काढायचा. मोठं काम आहे ते, पण चालू प्लांट मुद्दाम झुलवायला मी कुणाला सांगणार नाही, शिवाय त्यातून येणारं सेटिंग बऱ्यापैकी आक्रमक असतं.

त्यापेक्षा लूप मॅन्युअलला टाका आणि आधी नुसतं बघा. मॅन्युअलमध्येही रेघ झुलतेय तर दोष ट्यूनिंगचा नाही, स्टीमचं प्रेशर वगैरे तपासा. इथे रेघ शांत झाली. मग एकजण व्हॉल्व्हपाशी उभा राहिला, आउटपुट एकेक टक्का वाढवलं आणि स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) प्रत्येक वेळी हलतोय ना ते डोळ्यांनी बघितलं, कारण चिकटणाऱ्या व्हॉल्व्हला कुठलंही ट्यूनिंग लागू पडत नाही.

आता बंप टेस्ट. आउटपुट ४० वरून ४५ टक्के केलं, टेंपरेचर मोजणाऱ्या ट्रान्समीटरची रेंज ० ते १०० डिग्री, म्हणजे एक डिग्री म्हणजे एक टक्का. वीस सेकंद काहीच नाही, हा डेड टाइम. मग टेंपरेचर चढत चढत ६० वरून ६४ ला जाऊन थांबलं, म्हणजे प्रोसेस गेन ४ भागिले ५, ०.८. एकूण वाढीच्या ६३ टक्के, म्हणजे साधारण ६२.५ डिग्रीपर्यंत यायला डेड टाइम सोडून १२० सेकंद लागले, तो टाइम कॉन्स्टंट. इंटिग्रल टाइम तोच ठेवायचा, १२० सेकंद. ऑटोमध्ये प्रतिसाद ६० सेकंदांचा हवा असं ठरवलं, त्यात डेड टाइमचे २० मिळवले, ८०. मग ०.८ गुणिले ८० म्हणजे ६४, १२० ला ६४ ने भागलं, गेन आला साधारण १.९. याला लॅम्बडा ट्यूनिंग म्हणतात.

आणि आता पीएलसीमधला इंटिग्रलचा रकाना बघा. तिथे लिहिलंय २. जुन्या कंट्रोलरवर हा आकडा मिनिटांत होता, तो जसाच्या तसा उतरवला, पण हा पीएलसी सेकंद घेतो, म्हणजे इंटिग्रल ६० पट जोरात चाललाय! काही कंट्रोलर रिपीट्स पर मिनिट (१ भागिले मिनिटांतला इंटिग्रल टाइम) मागतात, तिथे हेच सेटिंग ०.५ होतं, आणि गेनऐवजी प्रपोर्शनल बँड (१०० भागिले गेन) मागितला तर १.९ चे होतात साधारण ५३ टक्के. कंट्रोलरची माहितीपुस्तिका उघडून युनिट बघितल्याशिवाय रकान्यात काही टाकूच नका.

१२० टाकलं, ऑटोला घेतलं, सेटपॉइंट ६२ केला. रेघ सावकाश चढली आणि टिकली.

एक गोष्ट मात्र ऑपरेटरला सांगावीच लागते. स्टीम बंद करताना लूप आधी मॅन्युअलला घ्यायचा, नाहीतर टाकी थंड होत राहते, इंटिग्रल आउटपुट १०० टक्क्यांवर नेऊन ठेवतो, आणि स्टीम परत आली की टेंपरेचर सेटपॉइंट ओलांडून वर जातं. पीएलसीत अँटी-वाइंडअप (इंटिग्रल असा साचू न देणारी सोय) ऑन असला तरी ही सवय ठेवाच.