मेदेजीन : चढावरची वस्ती

(दृश्य : रोपवेच्या केबिनच्या काचेतून खाली सरकणारी विटांची घरं, पत्रे, वाळत घातलेले कपडे. सुरुवातीला फक्त तारेची घरघर.)

खाली पत्र्यांवर दगड ठेवलेत, दिसले? वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. आमच्याकडेही असेच ठेवतात. आमच्याकडे म्हणजे मुंबईत, असल्फ्याच्या टेकडीवर. रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत 143 पायऱ्या आहेत. लहानपणापासून मोजत आलोय, त्यामुळे आकडा चुकत नाही.

ही वस्ती मात्र कोलंबियातली. नकाशावर शहराचं नाव मेडेलिन वाचलं होतं. इथे उतरल्यावर कळलं की इथली माणसं त्याला मेदेजीन म्हणतात आणि स्वतःला म्हणतात पाइसा. आम्ही आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाचे चौदाजण, बरोबर दोन मॅडम. अभ्यासदौरा आठ दिवसांचा, त्यातले येण्याजाण्याचे वेगळे. विमानतळ शेजारच्या खोऱ्यात आहे. तिथून आठ किलोमीटरच्या बोगद्यातून बस बाहेर पडते आणि अख्खं शहर एकदम पायाशी येतं. तेव्हा कॅमेरा बॅगेत होता. असो.

(दृश्य : सकाळ. दरीच्या तळाशी नदी, दोन्ही बाजूंना लालसर विटांचे डोंगर.)

आबुर्रा नावाच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवर हे शहर वसलंय. बाराही महिने हवा महाबळेश्वरच्या फेब्रुवारीसारखी, म्हणून ‘चिरवसंताचं शहर’ असं लाडाचं नाव. मधोमध नदी, नदीच्या काठाने मेट्रो आणि दोन्हीकडे चढ. पैसेवाल्यांचा पोब्लादो भागही चढावरच आहे, पण तिथे घरटी गाडी आहे. उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे चढ भरले ते खेड्यांतून आलेल्या माणसांनी. कुणी काम शोधायला आलं, तर कुणी गावाकडची मारामारी टाळायला. जागा मिळेल तिथे त्यांनी वीट रचली. आधी माणूस आला, मग घर, मग वीज. रस्ता शेवटी, तोही आलाच तर.

कोकेनच्या तस्करीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार, त्याचं नाव घेतल्याशिवाय या शहराची फिल्म होत नाही, असं म्हणतात. घेतलं. तो 1993 मध्ये मारला गेला. त्याच्या चेहऱ्याचे टी-शर्ट बाजारात लटकलेले असतात, ते आम्ही शूट केले नाहीत.

(दृश्य : मेट्रोचा डबा आतून. खिडकीची काच, अगदी जवळून.)

ही काच जरा नीट बघा. एक ओरखडा नाही, कुणाचं नाव कोरलेलं नाही, बदामात बाण नाही. सीटखाली शेंगांची टरफलंही नाहीत. मेट्रोचं काम 1985 मध्ये सुरू झालं, पुढे पैशांच्या भांडणात काही वर्षं अडकलं आणि पहिली गाडी धावली 1995 च्या नोव्हेंबरात. शहरात रोज माणसं मारली जात होती त्या काळातलं हे बांधकाम. गंमत म्हणजे, गाडी यायच्या सात वर्षं आधी, 1988 पासून, मेट्रोवाल्यांनी लोकांना गाडीत कसं वागायचं ते शिकवायला सुरुवात केली. त्याला इथे ‘कुल्तुरा मेत्रो’ म्हणतात. आपल्याकडे आधी गाडी येते, मग दंडाच्या पाट्या.

पण मेट्रो दरीच्या तळाशी आणि माणसं वर. आसेवेदो स्टेशनच्या डोक्यावर सान्तो दोमिंगो नावाची वस्ती आहे. तिथून खाली यायला बस होती. वळणावळणाची, खच्चून भरलेली, वेळेचा भरवसा नसलेली. मोठा रस्ता काढायचा तर शेकडो घरं पाडावी लागली असती. तेव्हा कुणीतरी बर्फाच्या डोंगरांकडे पाहिलं. युरोपात स्की खेळणाऱ्यांना वर नेणारे पाळणे असतात, तेच इथे रोजच्या कामावर जाणाऱ्यांसाठी आणले तर? काम दिलं फ्रान्समधल्या पोमा या कंपनीला. 2004 मध्ये ‘के’ लाइन सुरू झाली. सुमारे दोन किलोमीटर, चार स्टेशनं, शेवटचं सान्तो दोमिंगो.

(दृश्य : स्टेशनात शिरणारी केबिन. छतावरची पकड तारेवरून सुटते. स्लो मोशन.)

हा शॉट मिळवायला आमच्या कॅमेरावाल्याने दुपारचं जेवण सोडलं. तार एका वेगात सारखी धावत असते, थांबत नाही. केबिन स्टेशनात शिरली की छतावरची लोखंडी पकड उघडते आणि केबिन तारेपासून सुटी होते. मग रबरी चाकांची रांग तिला धरून हळू करते, माणूस चालेल त्या वेगापर्यंत आणते. दार उघडतं. आजी चढते, पिशवी चढते, शाळेची दोन पोरं चढतात. दार लागलं की पुढची चाकं तिला पळवतात, तारेच्या वेगाला आणतात आणि पकड पुन्हा तारेला चावते. एका केबिनमध्ये दहाजण. पुढची केबिन लगेच मागे उभी, म्हणून ढकलाढकली नाही.

रोपवे म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, फोटोसकट. इथे समोरच्या बाईंच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे होता. मेट्रोचं तिकीट काढलं की ‘के’ लाइनचा पाळणा त्याच तिकिटात. मला विचाराल तर सगळ्यात मोठं डिझाइन हेच, लोखंडात नाही, तिकिटात. मॅडमना हे वाक्य आवडलं नव्हतं, पण निवेदन मी लिहितोय.

पाळण्याच्या पाठोपाठ खाली पायवाटा आल्या, पूल आले, चौक आले. 2004 ते 2007 या काळात महापौर होते सेर्हियो फाहार्दो, पेशाने गणिताचे प्राध्यापक. शहरातलं उत्तम काम सगळ्यात गरीब वस्तीत करायचं, हा त्यांचा आग्रह. वास्तुरचनाकार आलेहान्द्रो एचेवेरी त्यांच्या सोबत होते. आमच्या अभ्यासक्रमात यावर अर्धं पान आहे.

(दृश्य : बोतेरो चौक. कांशाचा गुबगुबीत घोडा, त्याच्या पायाशी झोपलेला माणूस.)

शिल्पकार फेर्नान्दो बोतेरो याच शहरात जन्मले. त्यांचे 23 पुतळे या चौकात उघड्यावर उभे आहेत. माणसं त्यांना टेकतात, पोरं वर चढतात. हात लागून लागून काही पुतळ्यांची बोटं सोन्यासारखी चकाकतात. इथून दहा मिनिटं चालत गेलं की सान आन्तोनियो चौक, तिथे त्यांचा पक्षी आहे. 1995 च्या जूनमध्ये, कार्यक्रमाच्या गर्दीत, त्या पक्ष्यात बॉम्ब फुटला आणि वीसहून जास्त माणसं गेली. पालिका फुटका पक्षी हलवणार होती. बोतेरो म्हणाले, राहू द्या. पुढे 2000 मध्ये त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा, अखंड पक्षी बसवला.

(पाच सेकंद निवेदन नाही. दोन्ही पक्षी एका चौकटीत.)

(दृश्य : कोमुना 13. रंगीत भिंती, नारिंगी छताखालचे सरकते जिने, स्पीकरवर हिपहॉप.)

आणि हे ज्याच्यासाठी मी आलो होतो. कोमुना म्हणजे प्रभाग समजा. तेराव्या प्रभागातल्या या डोंगरावर 2011 च्या डिसेंबरात सरकते जिने बसले. सहा टप्पे, मिळून 384 मीटर. मॉलमध्ये असतात तसेच, पण उघड्यावर, वर पावसापुरतं छप्पर. अठ्ठावीस मजली इमारतीइतका चढ आहे. अर्ध्या तासाहून जास्त लागायचा, आता पाच-सहा मिनिटं पुरतात. पैसे पडत नाहीत. प्रत्येक टप्प्यावर वस्तीतलंच कुणीतरी राखणीला असतं. एखाद्या म्हाताऱ्याला हात देतं, पोरांना उलटं पळू नका म्हणून दटावतं.

2002 च्या ऑक्टोबरात इथे लष्कर आणि पोलिसांची मोठी कारवाई झाली, कितीतरी माणसं बेपत्ता झाली. त्यांचे चेहरे आता भिंतींवर आहेत.

(दृश्य : हातगाडी. कैरीच्या लांब फोडी, मीठ, पिळलेलं लिंबू.)

‘आ ला ओर्देन!’ म्हणजे, काय हवं ते बोला. ही कैरी आहे. चौदाजणांपैकी अकराजणांच्या तोंडातून एकाच वेळी निघालं, ‘अरे, कैरी!’ मीठ आहे, लिंबू आहे. फक्त तिखट नाही. आमच्यातल्या एकीने बॅगेतून चटणीची पुडी काढली. गाडीवाल्या मावशींनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली, डोळे मिटले आणि पुडीच ठेवून घेतली.

आम्हाला फिरवणारा मुलगा इथलाच, पंचविशीतला. घरं महाग होतायत, खालच्या गल्लीतले दोन शेजारी निघून गेले, असं तो चालता चालता म्हणाला. शनिवारी-रविवारी जिन्यावर वस्तीतल्यांपेक्षा आमच्यासारखेच जास्त.

(दृश्य : भिंतीवरचं मोठं चित्र. नंतर मोबाइलवर काढलेला असल्फ्याचा जुना व्हिडिओ.)

रंग आम्हालाही मिळाला. 2018 च्या आसपास असल्फ्याच्या भिंती रंगवल्या गेल्या. मेट्रोतून जाणारे अजून फोटो काढतात, आणि खरंच छान दिसतं, नाही म्हणत नाही. निळ्या भिंतीशेजारून हंडा वर चढतो, एवढंच. आमच्या चाळीतल्या काकांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. 143 पायऱ्या. याचं फुटेज नाही.

म्हणून या फिल्ममध्ये चित्रं कमी आणि जिने जास्त आहेत. संकलन करणाऱ्या मित्राची तक्रार आहे, पण राहू दे.

(दृश्य : फोनची स्क्रीन. जिना वर सरकतोय. आवाज लाइव्ह ठेवायचा.)

इथे सकाळचे साडेआठ, घरी संध्याकाळचे सात. आई कामावरून येत होती, तिला व्हिडिओ कॉल लावला. ती पायऱ्या चढतेय, धाप लागलीय. मी जिन्यावर नुसता उभा. फोन फिरवून तिला सगळं दाखवलं. छप्पर, भिंती, खाली पसरलेलं शहर. तिने शहराकडे बघितलंच नाही. म्हणाली,

‘आणि बंद पडला तर रे?’

मला उत्तर आलं नाही. टप्प्यावरच्या राखणदार ताईंना विचारलं, मोडक्या स्पॅनिशमध्ये, निम्मं हातवाऱ्यांनी. त्यांनी जिन्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

(दृश्य : जिन्याला लागून जुन्या सिमेंटच्या पायऱ्या. कडा झिजलेल्या, एका पायरीवर मांजर. चौदा सेकंद.)