सॅकेट खटला: एकच प्लॉट, दोन निकाल

मंडळी, अमेरिकेच्या पर्यावरण कायद्यावर बोलायला मी एकच खटला निवडलाय. तो दोनदा सुप्रीम कोर्टात गेला, दोन्ही वेळा सरकार हरलं, आणि लोक दोन्ही निकाल एकाच गाठोड्यात बांधतात. मला ते पटत नाही.

आयडाहो राज्यात प्रीस्ट लेक नावाचं सरोवर आहे. त्याच्याजवळ सॅकेट दांपत्यानं २००४ साली २३,००० डॉलरला प्लॉट घेतला, पाऊण एकरसुद्धा भरणार नाही एवढा. २००७ मध्ये घरासाठी खडी-मातीचा भराव टाकायला घेतला, तर ईपीए, म्हणजे केंद्राची पर्यावरण यंत्रणा, आडवी आली. ही पाणथळ जागा आहे, जलकायद्यानुसार इथे परवान्याशिवाय भराव चालत नाही; भराव काढा, जमीन पूर्ववत करा, असा आदेश. पाळला नाही तर कायदा मोडल्याचा दिवसाला ३७,५०० डॉलर दंड; आदेश मोडल्याचा तेवढाच वेगळा. दिवसाला ७५,०००!

यांचं म्हणणं, ही पाणथळ नाहीच. मग कोर्टात जा की! तर ईपीए म्हणते, आम्ही खटला भरेपर्यंत थांबा. तोवर दंडाचं मीटर चालूच. परवाना काढायचा म्हटलं तरी पाणथळींच्याच आधीच्या एका, रापानोस खटल्यात न्या. स्कालिया यांनी सरासरी दिली होती: ७८८ दिवस आणि २,७१,५९६ डॉलर.

म्हणणं न ऐकताच दंड चढवत नेणं योग्य कायदेशीर प्रक्रियेची हमी देणाऱ्या, राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत बसतं का, हा दांपत्याचा एक मुद्दा होता. मार्च २०१२ मध्ये कोर्टानं घटनेला हात न लावता, प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यावरच एकमतानं सांगितलं: अशा आदेशाविरुद्ध लगेच दाद मागता येते. या निकालाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आदेशात दम असेल तर तो कोर्टातही टिकेल.

खरी गोम दुसऱ्या निकालात आहे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच स्वच्छ हवा-पाणी वाचलं. अमेरिकेच्या संघराज्य घटनेत कोर्टानं तसं वाचलेलं नाही. तिथला १९७२ चा जलकायदा उभा आहे तो राज्याराज्यांतल्या व्यापारावर काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, असलेल्या अधिकारावर. म्हणून कायद्याची सुरुवात होड्या-जहाजं चालणाऱ्या पाण्यापासून, आणि तिथून मागे कुठवर जायचं यावर पन्नास वर्षं भांडण.

मे २०२३ मध्ये न्या. अलिटो यांनी रेघ ओढली. पाणथळीचं पाणी नदी-सरोवराला वरून सलग जोडलेलं हवं, इतकं की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळू नये. सॅकेटच्या प्लॉटवर हा कायदा लागत नाही, यावर नऊही न्यायाधीश सहमत. पण ही कसोटी मान्य करणारे पाचच. एरवी उजव्या गटात मोजले जाणारे न्या. कॅव्हनॉ इथे तिघी उदारमतवादी न्यायमूर्तींबरोबर गेले. त्यांनी मिसिसिपीचंच उदाहरण दिलं: नदीकाठी पुराचे बांध आहेत, मग बांधापलीकडची पाणथळ कायद्याबाहेर? पुराचं पाणी जिरवायला आणि गाळायला तीच तर लागते. बांध माणसानं घातला म्हणून जमिनीखालचा पाझर थांबत नाही. पाच जणांनी हे विचारात घेतलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चेंडू राज्यांकडे. कोलोरॅडोनं २०२४ मध्ये स्वतःचा परवाना-कायदा केला. जिथे राज्याचा असा कायदा नाही, तिथे बांधापलीकडच्या पाणथळीत खडीचा ट्रक रिकामा करायला ईपीएची आडकाठी उरलेली नाही.