लाल पेनाचे गोल

सोलापूरचा पूर्व भाग. सकाळचे सात वाजलेत आणि गल्लीत मागांचा खडखडाट सुरू झालाय. या घरात खाली टॉवेलचे दोन यंत्रमाग, वर राहायची खोली. दारात आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय. भिंतीवर कालनिर्णय, त्यावर लाल पेनाचे गोल. आठ वर्षांच्या मुलाचं ज्या ज्या दिवशी तोंड आलं, त्या दिवसावर आईनं केलेली ही खूण.

एका गोलापासून दुसऱ्यापर्यंत दिवस मोजा. एकवीस. कधी वीस, कधी बावीस.

तोंड येण्याला आपल्याकडे आजार कोण म्हणतं? उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपर्यंत जाणारं गाव. उष्णता झाली म्हणायचं, सब्जा द्यायचा, गुलकंद द्यायचा. इथंही तेच झालं. पण गड्ड्याच्या यात्रेत, ऐन थंडीतही पोराला भाकरी चावता येईना. हिरड्या लाल, मानेला गाठी, अंगात ताप. चार-पाच दिवसांत सगळं ओसरायचं. रक्त तपासायला नेईपर्यंत तो खेळायला लागलेला असायचा आणि रिपोर्ट नॉर्मल यायचा.

मग एकदा ऐन तापात रक्त तपासलं. हा तो कागद. एकूण पांढऱ्या पेशी ४,२००. वरवर पाहिलं तर ठीकच. खालची ओळ मात्र वाचायलाच हवी: न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ४ टक्के. म्हणजे ४,२०० पैकी फक्त १६८. साधारण १,५०० च्या वर हव्यात. ५०० च्या खाली गेल्या की धोका मोठा.

या आजाराचं नाव सायक्लिक न्यूट्रोपेनिया. जंतूंवर सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या या पेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात. इथं दर तीन आठवड्यांनी त्यांचं तयार होणं थंडावतं आणि तीन ते सहा दिवस रक्तात त्या जवळजवळ उरतच नाहीत. कारण एका जनुकातला बिघाड. तो १९९९ मध्ये सापडला. खात्री करायला सहा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा रक्त द्यावं लागलं. दर वेळी वडील माग बंद करून निघायचे.

डॉक्टरांनी वडिलांच्या लहानपणाबद्दल विचारलं, तेव्हा आजीचे हात थांबले. "ह्याचंबी असंच व्हायचं की. मोठा झाल्यावर कमी झालं." आई किंवा वडील, एकाकडून जरी हा बिघाड आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायचीय. पोराच्या जखमेत पू होत नाही, याचं घरात समाधान होतं. पण पू म्हणजे बहुतेक मेलेल्या न्यूट्रोफिलच. त्याच नसतील, तर पू होणार कुठून?

पांढऱ्या पेशी कमी असणारा प्रत्येक माणूस धोक्यात असतो असंही नाही. आफ्रिकेतल्या, येमेनमधल्या कितीतरी लोकांचा न्यूट्रोफिलचा आकडा वारशानंच जन्मभर कमी असतो आणि ते ठणठणीत जगतात. या पोराचं तसं नाही. पेशी घसरलेल्या असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. पोट दुखलं तर त्याहून घाई. आतड्यातले जंतू रक्तात उतरले, तर काही तासांतच जिवावर बेततं.

उपचार आहे. मज्जेला न्यूट्रोफिल तयार करायला लावणारं जी-सीएसएफचं इंजेक्शन, या आजारावर ते लागू पडतं हे १९८९ मध्ये दिसलं. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात लाइट गेली की आई फ्रिजचं दार कुणाला उघडू देत नाही.

कालनिर्णयावर अजून गोल आहेत, पण आता जवळजवळ, चौदा-चौदा दिवसांवर. इंजेक्शननं फेरा आखूड होतो, पेशी पूर्वीइतक्या खाली जात नाहीत. पोरगं आज कडक भाकरी शेंगाचटणीशी खातंय.

दाराच्या खिळ्याला एक पिशवी अडकवलेली असते. तिच्यात फाइल, थर्मामीटर आणि डॉक्टरांनी ठळक अक्षरांत आजाराचं नाव लिहून दिलेली चिठ्ठी, रात्री जो कुणी डॉक्टर भेटेल त्याच्यासाठी. आजीला वाचता येत नाही, पण चिठ्ठी कुठल्या कप्प्यात आहे ते तिला ठाऊक आहे.