एक रेकॉर्ड, तीन मुदती

(दृश्य : फिरती रेकॉर्ड, तिच्यावर टेकणारी सुई. बाहेर खासबागेतली वर्दळ.)

अल्लादियाँ खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी गायक म्हणून आणलं, ते हे कोल्हापूर. इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही रेकॉर्डी सापडतात. त्या संगणकावर उतरवून यूट्यूबवर टाकल्या, की पुष्कळदा काही वेळातच क्लेम येतो, म्हणजे ‘याचे हक्क आमचे’ असा दावा. तो खरा की खोटा, हे ठरवायला आधी कॉपीराइटच्या मुदती मोजाव्या लागतात.

समजा, रेकॉर्ड १९६५ साली निघालेली आहे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांची. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं, म्हणजे ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. शब्द आणि चाल यांची मुदत मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालते. माडगूळकर १९७७ साली गेले, शब्द २०३७ अखेर मोकळे होतील. फडके २००२ साली गेले, चाल २०६२ अखेर. म्हणून व्हिडिओखाली अख्खं गाणं लिहिणं किंवा त्याचं नोटेशन वाटणं, यालाही परवानगी लागते.

(दृश्य : लेबल आणि त्याभोवतीचा गुळगुळीत पट्टा, जवळून.)

वर्ष शोधताना फसगत होते. एलपीच्या कव्हरवर वर्तुळातल्या इंग्रजी पी अक्षराशेजारी वर्ष असतं, पण संकलन असेल तर ते संकलनाचं असू शकतं. मुदत पहिल्या प्रसिद्धीपासूनच मोजायची. ७८ गतीच्या रेकॉर्डवर बहुधा वर्ष नसतंच. तिथे लेबलवरचा क्रमांक आणि पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स, म्हणजे साच्याचा, क्रमांक कंपनीच्या जुन्या सूचीशी ताडून पाहावा.

खासगी मैफलीची स्पूल टेप असेल तर जास्त जपावं. जे मुद्रण प्रसिद्धच झालं नाही, त्याची ६० वर्षं सुरूच झालेली नसतात. गायकाचा स्वतःचा हक्कही ५० वर्षं असतो. मुद्रण करणारा आणि गायकाचे वारस, दोघांची लेखी संमती घ्यावी.

आता क्लेम. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते, कायद्यातली मुदत ती पाहत नाही. कंपनीने तेच गाणं साफ करून पुन्हा काढलं असेल, तर तुमच्या खरखरत्या रेकॉर्डचा ठसाही त्याच्याशी जुळतो. क्लेमचा तपशील उघडून तो ध्वनिमुद्रणावर आहे की रचनेवर, म्हणजे शब्द-चालीवर, हे वाचा. रचनेवर असेल आणि मुदत बाकी असेल, तर हरकत घेऊ नका. व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, आणि ते रास्तच आहे.

क्लेम फक्त ध्वनिमुद्रणावर असेल आणि मुदत संपली असेल, तर हरकत घ्या. मात्र ही मुदत भारतातली. अमेरिकेचा हिशेब वेगळा आहे, तिथे व्हिडिओ अडू शकतो. ‘श्रेय दिलंय’, ‘कमाई करत नाही’ ही कारणं चालत नाहीत. पहिल्या प्रसिद्धीचं वर्ष आणि लेबलवरचा क्रमांक लिहा. क्लेम आल्यापासून ५ दिवसांत हरकत घेतली, तर पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. हरकत फेटाळली तर अपील करता येतं, त्यावर ७ दिवस. पण अपील चुकीचं ठरून व्हिडिओ काढण्याची मागणी आली, तर स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर कॉपीराइटभंगाचा ठपका, बसतो, आणि ९० दिवसांत असे ३ बसले की चॅनेल बंद होऊ शकतं.

(दृश्य : रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढणारा हात.)

म्हणून रेकॉर्ड उतरवण्याआधी दोन्ही लेबलं, मॅट्रिक्स क्रमांक आणि कव्हर यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत.