मेणवलीचा वाडा आणि वसईची घंटा

नमस्कार श्रोतेहो. पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली गाडी खंबाटकी घाट ओलांडते, सुरूर फाट्याला उजवीकडे वळते आणि वाईत शिरते. तिथं ढोल्या गणपतीला हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि पसरणी घाटाला लागायचं, हा आपला शिरस्ता. माझं म्हणणं एवढंच, की घाट चढण्याआधी तासदीड तास काढा आणि धोमच्या रस्त्यानं मेणवलीला जा. वाईपासून अंतर जेमतेम तीन किलोमीटर आहे.

कृष्णेकाठचं हे लहानसं गाव १७६८ साली नाना फडणवीसांना इनाम मिळालं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी ते दिलं. नानांनी इथं वाडा, घाट आणि देवळं बांधली. नाना मूळचे साताऱ्यात जन्मलेले, त्यामुळे हा मुलूख त्यांना परका नव्हता. चौदाव्या वर्षी वडील गेले आणि फडणिशी, म्हणजे पेशव्यांच्या हिशेबाचं काम, अंगावर आली. पानिपतावरून जीव वाचवून परतले, पण सोबत गेलेली आई परतली नाही. पुढं पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत गणना झाली ती कारभारातल्या अकलेमुळं, हातातल्या तलवारीमुळं नव्हे. साडेतिनातले अर्धे शहाणे म्हणजे नाना. ते अर्धेच का, तर ते लढणारे नव्हते, असं सांगतात. मला तो हिशेब कधीच पटलेला नाही!

वाडा बाहेरून तसा साधाच. आत मात्र एका चौकातून दुसऱ्या चौकात जात राहावं लागतं. असे सहा चौक आहेत. जाड भिंती, सागवानी खांब, भर उन्हाळ्यातही टिकणारा गारवा. काही भिंतींवर जुनी चित्रं आहेत. रंग उडालेत, पण जवळ जाऊन बघा, आणि कृपा करून हात लावू नका. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा आत जाताना रीतसर विचारून जावं.

पण या घराची खरी दौलत आज इथं नाहीच. ती होती कागदांची. पत्रं, हिशेब, बातमीदारांची टिपणं, म्हणजे पेशवाईच्या उत्तरार्धाचा सारा कारभार. मेणवली दप्तर म्हणतात ते हेच. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते हाती घेतलं, साताऱ्याच्या संग्रहालयात आणलं आणि तिथून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलं. नाना १८०० साली वारले. त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढं इथं राहिल्या. मोकळ्या चौकात उभं राहिलं की वाटतं, माणसं गेल्यावरही कागद कुणीतरी जपून ठेवले, म्हणून आपण आज नानांना इतकं ओळखतो.

आता मागच्या दारानं नदीवर उतरा. काळ्या दगडाचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. शेजारी विष्णूचं आणि मेणेश्वराचं अशी दोन देवळं. हा घाट हिंदी चित्रपटांत इतक्यांदा दिसलाय, की पहिल्यांदा येणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो. वर धोमचं धरण असल्यानं पात्रातलं पाणी धरणाच्या सोडण्यावर कमीजास्त होतं. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलांचा हात सोडू नका.

मेणेश्वराजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली दिसेल आणि साल आहे १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून सह्याद्रीच्या वर, देशावर आणल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, भीमाशंकरची घंटा, या तिच्याच सख्ख्या बहिणी. गंमत अशी, की मेरीची मूर्ती कुणी घासून काढली नाही. आहे तशी शंकराच्या दारात टांगली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक ती बघत आलेत.

वेळ असेल तर तसेच पुढं धोमला जा. तिथं नरसिंहाचं देऊळ आहे आणि शंकरासमोरचा नंदी कमळाच्या आकाराच्या कुंडात, कासवाच्या पाठीवर बसलेला आहे. कुंडात पाणी असेल तेव्हा तो फारच देखणा दिसतो. जायचं असेल तर पावसाळा सरता सरता जा. आणि शनिवार-रविवार असेल तर वाईहून लवकर निघा, पसरणी घाटात दुपारनंतर गाड्यांची रांग लागते. नमस्कार.